आपली आवड, आपली नावड

“सिनेमाची गाणी? छे, आमच्या घरात चालत नाहीत!” असे अभिमानाने सांगणारी मंडळी आपल्या ओळखीची असतात. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर हे त्यांतलेच. १९५२ साली ते मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला! अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ काढून आकाशवाणीलाच ती गाणी घरी आणावी लागली.

खरी गंमत मधल्या काळातली. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात छप्पन्न गीते झाली आणि ती घरोघरी भक्तिभावाने ऐकली गेली. कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. दोघेही सिनेमातच नावाजलेले!

आज घरात प्रत्येकाच्या कानात निराळे गाणे असते. रेडिओवरून होणारी भांडणे मिटली खरी; पण दुसऱ्याच्या आवडीचे गाणे सहज कानी पडणेही थांबले. वाचकहो, नावड जरूर असावी. पण ती गाण्याची असावी, त्याच्या जातीची नसावी. या दिवाळीत चिरंजीवांचे एक गाणे शेवटपर्यंत ऐका. मग हवे तर खुशाल नाक मुरडा!