छत्तिसाव्या वर्षी ‘वय झाले’!

१९८१ या एकाच वर्षात अमेरिकेच्या दूरचित्रवाणी क्षेत्रात दोन घटना घडल्या. मार्चमध्ये सीबीएस या राष्ट्रीय वाहिनीचे ज्येष्ठ वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट वयाच्या ६४ व्या वर्षी आपल्या स्थानावरून सन्मानाने निवृत्त झाले. त्यांचे पिकलेले केस आणि चेहऱ्यावरील सुरकुत्या यांना प्रेक्षक विश्वासार्हतेची मुद्रा मानीत असत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथील केएमबीसी या स्थानिक केंद्राने ख्रिस्तीन क्राफ्ट या वृत्तनिवेदिकेस तिच्या स्थानावरून दूर केले. तिचे वय त्या वेळी अवघे ३६ होते. प्रेक्षकांच्या दृष्टीने आपण फार वयस्क, फारशा देखण्या नसलेल्या आणि पुरुषांशी पुरेशा नमून न वागणाऱ्या ठरलो आहोत, असे वरिष्ठांनी आपणास सांगितले, असे तिचे म्हणणे होते. वरिष्ठांनी हे शब्द नाकारले. परंतु तिला हटविण्यास प्रेक्षक-पाहणीचा आधार घेतला गेला, हे निर्विवाद आहे.

ही केवळ एका स्त्रीवरील अन्यायाची कथा असती, तर चार दशकांनंतर तिची आठवण काढण्याचे फारसे प्रयोजन उरले नसते. परंतु या प्रकरणात बाजारपेठेविषयीचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. ग्राहकाची आवडनिवड हे पक्षपाताचे समर्थन ठरू शकते काय?

क्राफ्ट मूळची कॅलिफोर्नियाची. काही काळ शिक्षिकेचे काम केल्यानंतर ती दूरचित्रवाणीकडे वळली आणि हवामानवृत्तापासून सुरुवात करून बातमीदार झाली. मध्यंतरी सीबीएसच्या क्रीडा-कार्यक्रमासाठी तिचे केस रंगवून तिचा सारा चेहरामोहराच बदलण्यात आला होता. तो अनुभव लक्षात असल्याने कॅन्सस सिटीची नोकरी पत्करतानाच, आपले असे रूपांतर आपणास चालणार नाही, हे आपण स्पष्ट केले होते, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. दोन वर्षांचा करार झाला. पहिल्या वर्षाचे वेतन ३५,००० डॉलर ठरले. नोकरी सुरू होऊन फार दिवस लोटले नाहीत, तोच सल्लागार आले. प्रसाधन कसे करावे, कोणत्या दिवशी कोणते कपडे घालावेत, याचे वेळापत्रकच तिच्या हाती देण्यात आले. पाठोपाठ निवडक प्रेक्षकांच्या बैठका आणि टेलिफोनवरून पाहणी झाली आणि निकाल तिच्याविरुद्ध लागला. त्याच वेतनावर बातमीदाराचे काम देऊ केले असता तिने ते नाकारले आणि ती कॅलिफोर्नियास परतली.

तिने केंद्राच्या मालकांवर, म्हणजे मेट्रोमीडिया या कंपनीवर, दावा लावला. १९८३ मध्ये ज्यूरीने तिला पाच लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. न्यायाधीशांनी तो रद्द केला. लिंगभेदाचा आरोप त्यांनी स्वतः फेटाळला आणि फसवणुकीच्या मुद्द्यापुरती फेरसुनावणी ठेवली. १९८४ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनेही तिच्याच बाजूने कौल देऊन ३,२५,००० डॉलर मंजूर केले. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने तोही निर्णय फिरविला आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ते ऐकावे, असे मत त्या न्यायालयातील पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी नोंदविले. सामान्य नागरिकांच्या दोन ज्यूरींना जे पटले, ते न्यायासनास पटले नाही. दिसण्याविषयीच्या अपेक्षा पुरुषांकडूनही ठेवल्या जातात आणि व्यवसायाची ती गरज आहे, असा न्यायालयीन विचाराचा एकूण रोख होता.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबले पाहिजे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्याच्या विवेचनाचा एक निष्कर्ष असा की, मालक पूर्वग्रहापोटी लायक माणसे नाकारीत असेल, तर त्याचा खर्च वाढतो आणि पूर्वग्रह नसलेला स्पर्धक त्याला मागे टाकतो. म्हणजे स्पर्धा हेच अशा भेदभावावर औषध ठरू शकते. मात्र पूर्वग्रह ग्राहकाचा असेल, तर हे औषध लागू पडत नाही. उलट, ग्राहकाच्या पूर्वग्रहाला शरण जाणाराच नफा मिळवितो. म्हणजेच जेथे बाजार आपला आपण सुधारत नाही, नेमके तेथेच कायद्याची गरज असते.

अमेरिकन न्यायालयांना हे ठाऊक नव्हते, असेही नाही. १९७१ मध्ये पॅन अमेरिकन या विमान कंपनीने एका पुरुषाला विमानातील सेवकाची नोकरी नाकारल्याचे प्रकरण अपील न्यायालयापुढे आले होते. प्रवाशांना स्त्रियाच अधिक पसंत आहेत, हे कंपनीने पाहणीच्या आधारे मांडले. न्यायालयाने ते मानले नाही. प्रवाशांना सुखरूप पोहोचविणे हे कंपनीचे मूळ कार्य. ते पुरुष सेवकामुळे अडत नसेल, तर प्रवाशांची आवड हे भेदभावाचे कारण होऊ शकत नाही, असा तो निवाडा होता.

ही कसोटी वृत्तनिवेदनास लावली, तर प्रश्न उरतो तो एवढाच, की वृत्तकेंद्राचे मूळ कार्य कोणते? अचूक बातमी सुबोधपणे सांगणे हेच असेल, तर छत्तीस वर्षांच्या अनुभवी बाईमुळे ते अडण्याचे कारण नाही. परंतु जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्राचा हिशेब निराळा असतो. तेथे प्रेक्षक हा ग्राहक नसतोच. प्रेक्षक हा माल असतो. तो जाहिरातदारास विकला जातो आणि बातमी हे त्याला गोळा करण्याचे साधन ठरते. मग साधनाच्या वेष्टनाकडे, म्हणजे निवेदिकेच्या चेहऱ्याकडे, बातमीहून अधिक लक्ष गेले, तर नवल ते काय?

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की दूरचित्रवाणी हे दृश्य माध्यम आहे. नट-नटींची निवड रूपावरून होते, मग निवेदिकेची का नसावी? नीटनेटकेपणाची अपेक्षा कोणीच नाकारीत नाही. परंतु नटाने सत्य सांगावे, अशी आपली अपेक्षा नसते. वृत्तनिवेदकाचा तर सारा अधिकार सत्याच्या विश्वासावर उभा असतो. शिवाय मोजमापाचे माप एकच हवे. पुरुषाच्या पांढऱ्या केसांस परिपक्वता म्हणावयाचे आणि स्त्रीच्या छत्तिशीस उतारवय म्हणावयाचे, हा माध्यमाचा स्वभाव नव्हे. तो समाजाचा पूर्वग्रह आहे. आम्हा प्राध्यापकांची पात्रता विद्यार्थ्यांना आमचे रूप विचारून ठरवावयाची म्हटले, तर कोणते विद्यापीठ ते मान्य करील?

आपल्याकडचा अनुभवही या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते सरकारी होते आणि बातम्यांवर सरकारी छाया होती, हा दोष लहान नव्हे. परंतु निवेदकास आठवड्याच्या गुणांकनाची धास्ती नव्हती. म्हणूनच २०२२ मध्ये निधन पावलेले प्रदीप भिडे यांच्यासारखा निवेदक कित्येक वर्षे केवळ आवाज, उच्चार आणि संयम यांच्या बळावर मराठी घरांत आपला होऊन राहिला. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि ‘टीआरपी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या मोजणीतील गैरप्रकारांचा वाद इतका पेटला, की वृत्तवाहिन्यांचे गुणांकन मार्च २०२२ पर्यंत स्थगित ठेवावे लागले. ज्या मापावर माणसांच्या नोकऱ्या ठरतात, ते मापच संशयातीत नसते, हा त्यातील धडा होय.

क्राफ्ट स्वतः मात्र हरली नाही. तिने पुढे सॅक्रामेंटोच्या केंद्रात आणि रेडिओवर काम केले, आपल्या अनुभवावर पुस्तके लिहिली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर कायद्याचे शिक्षण पुरे करून ती वकील झाली. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न निकालात निघालेला नाही. २०२२ मध्ये कॅनडाच्या सीटीव्ही वाहिनीने लिसा लाफ्लॅम या ५८ वर्षांच्या मुख्य वृत्तनिवेदिकेचा करार संपविला. तिने केस रंगविणे सोडल्याचा याच्याशी संबंध आहे काय, यावर देशभर चर्चा झाली. कंपनीने मात्र हा प्रेक्षकांच्या बदलत्या सवयींनुसार घेतलेला व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले. एकेचाळीस वर्षांनंतरही साक्षीला बोलावला गेला, तो प्रेक्षकच!

म्हणून या प्रकरणी केवळ वाहिन्यांच्या मालकांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. प्रेक्षकांच्या पाहणीवरून कोणास दूर करावयाचे असेल, तर त्या पाहणीत कोणते प्रश्न कोणास विचारले, हे त्या व्यक्तीस कळलेच पाहिजे आणि रूप-वयाच्या अटीखेरीज काम अडते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असली पाहिजे. परंतु कायद्याइतकीच जबाबदारी आपल्या बैठकीच्या खोलीतही आहे. बातम्या संपल्यावर निवेदिकेच्या साडीची चर्चा करावयाची की तिने सांगितलेल्या बातमीची, हे आपण ठरवितो. तिच्याविरुद्धचा निकाल लिहिला जातो, तो अखेर आपल्याच नावाने.