आधी नवऱ्याची तपासणी

पोरी शिकतात, नोकऱ्या करतात, तिशी उलटल्यावर लग्नं करतात, बाहेरचं खातात. मग मुलं कशी व्हायची? हे निदान हल्ली लग्नाच्या पंगतीतही ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहेच. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने घसरतात. वजन वाढलं की पाळीचं चक्र बिघडतं. पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या मुलीने पाच ते दहा टक्के वजन उतरवलं, तर अनेकदा पाळी आपोआप रुळावर येते. पण तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला दिसणारी कारणं बहुतेक वेळा त्या मुलीच्या हातातली नसतात.

माझ्याकडे येणारी मुलगी पुष्कळदा विशीची असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं होतं. लग्नाला वर्ष होत नाही तोच सासरी कुजबुज सुरू होते. ‘पाळी वेळेवर येते का गं?’ मी मुलीला विचारते आणि उत्तर सासूबाई देतात. ‘मागंपुढं होती, मॅडम. दोनदा पिशवी धुऊन आणली, तरी काय नाही.’ नवऱ्याची तपासणी? ‘त्याला काय झालंय? चांगला धडधाकट हाय.’ धडधाकट गृहस्थ बाहेर मोटारसायकलपाशी उभे असतात.

पिशवी धुणे म्हणजे क्युरेटिंग, गर्भाशयाचं अस्तर खरवडणं. अर्धवट गर्भपात, फार रक्तस्राव अशा ठरावीक कारणांसाठी ते करावं लागतं. दिवस राहत नाहीत म्हणून उगाच केलं, पुन्हा पुन्हा केलं, तर आत व्रण धरतात, भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि गर्भ रुजायला जागा उरत नाही. म्हणजे मुलाच्या घाईपायी केलेला उपायच वंध्यत्वाचं कारण ठरू शकतो.

दुसरं कारण मिश्री. तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू सकाळी बोटाने दातांना लावायची, ती दुपारीही, रानातून आल्यावरही. दात घासायचीच गोष्ट, तिला व्यसन कोण म्हणणार? पण धूर नसला तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातंच आणि दिवस राहण्याच्या आड येऊ शकतं. नव्या सुनेला ही सवय बहुधा घरातूनच लागते.

तिसरं, गर्भनलिकांना झालेला जंतुसंसर्ग. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी गर्भपात करायचा, तो अर्धवट राहिला तरी कुणाला सांगायचं नाही, अंगावर काढायचं. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, हेही सांगायला लाज. संसर्ग आत मुरतो आणि नळ्या बंद होतात. गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोगही असाच गुपचूप काम करतो. बहुतेकदा खोकला नसतो, तापही नसतो. कळतं ते मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्यावर. क्षयावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आहेत, पण एकदा खराब झालेली नळी औषधाने पूर्ववत होईलच असं नाही.

हे सगळं बाईच्या अंगावर घडतं, पण ठरवतं घर. लग्न कधी, पहिलं मूल कधी, दवाखान्यात कधी आणि कुणाला न्यायचं, हे तिला कुणी विचारत नाही. मूल न होण्यात साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषातला दोषही कारणीभूत असतो. वीर्यतपासणी स्वस्त आहे. सुई नाही, भूल नाही. तरीही बाईच्या सोनोग्राफ्यांनी पिशवी भरते आणि नवऱ्याचा एक कागद त्यात सापडत नाही. त्यात जी वर्षं जातात ती तिच्या बीजांच्या हिशेबातून वजा होतात.

म्हणून सासूबाईंना आणि जावईबापूंना माझं सांगणं सरळ आहे. सूनबाई पस्तिशीच्या आत असेल आणि पाळी नियमित असेल, तर वर्षभर धीर धरा. पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच. पाळी बिघडलेली असेल तर मात्र थांबू नका. मिश्रीचा डबा घरातूनच हद्दपार करा. आणि दवाखान्यात पहिल्याच खेपेला दोघांनी या. नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय बाईची पिशवी कुणालाही धुऊ देऊ नका.