कपाटातले बिल

वसमतच्या मोंढ्यात हळद उतरली, की आडतीवर शेतकऱ्याची हिशेबपट्टी विनाविलंब तयार होते. शेतकरी समोर बसलेला असतो. वजन, भाव, हमाली, तोलाई मांडून निव्वळ रक्कम काढल्यावाचून तो उठत नाही. त्याच घरातील धाकटा भाऊ मसाला कंपनीची हळद दळून देण्याचा कारखाना चालवतो, तेव्हा मात्र दळणावळीचे बिल आठ-दहा दिवस कपाटात पडून राहते. विचारले तर ‘महिनाअखेरीस एकदम करू’ असे उत्तर येते.

जीएसटीच्या नियम 47 प्रमाणे सेवेचे बिल 30 दिवसांत देता येते. ही कमाल मुदत; अनेक पेढ्यांनी तिची रीत करून टाकली आहे. तिची किंमत पाहावी. समजा, रोजचे काम 1 लाख रुपयांचे आहे आणि बिल 9 दिवस उशिरा जाते. म्हणजे 9 लाख रुपये कायमचे अडकले. कॅश क्रेडिटवर 12 टक्के व्याज धरले, तर वर्षाला 1,08,000 रुपये केवळ कपाटाचे भाडे झाले!

टोयोटाचे ताइइची ओनो यांची दृष्टी येथे उपयोगी पडते. मागणी आल्यापासून पैसे हाती येईपर्यंतचा काळ मोजावा आणि त्यातील निरुपयोगी थांबे काढावेत, हे त्यांचे सूत्र. त्यासाठी ‘का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावयाचा. बिल का थांबले? काटापट्टी आली नाही. का? ती चालकाच्या खिशात राहिली. तीच हाती आली तरी बिल का झाले नाही? दर ठाऊक नव्हता. का? तो थोरल्या भावाने फोनवर ठरवला आणि तो लग्नाला जालन्याला गेला आहे.

खरी गाठ येथे आहे. नवे सॉफ्टवेअर आणले तरी तेही थोरल्या भावाची वाट पाहत बसेल. दर ठरताच तो वहीत लिहावा, कंपनीचा खरेदी आदेश क्रमांक त्याच ओळीत घ्यावा आणि काटापट्टीची एक प्रत फाटकावरच ठेवून घ्यावी. थोरल्याला हा अविश्वास वाटण्याचा संभव आहे. पण ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ त्याच रात्री मिळवला, त्या घराला हे परके वाटू नये.

पोच घेताना कंपनीच्या माणसाची सही व तारीख मात्र अवश्य घ्यावी. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे देण्याची मुदत काम स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असला तरी 45 दिवसांपलीकडे नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी असूनही निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, त्याला केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जाचा लाभ मिळतो. त्यामुळे आडतीची उधारी थोरल्याला ओळखीवरच वसूल करावी लागेल. धाकट्याच्या हाती कायदा आहे, फक्त तारीख घातलेली पोच हवी.