जागा वाढल्या, शिक्षक कोठून आणणार?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या ५,००० आणि एमबीबीएसच्या ५,०२३ जागा वाढविण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी मंजुरी दिली. प्रत्येक जागेमागे दीड कोटी रुपयांची कमाल मर्यादा धरून २०२८-२९ पर्यंत १५,०३४.५० कोटी रुपये खर्च होणार आहेत. त्यात केंद्राचा वाटा १०,३०३.२० कोटींचा, तर राज्यांचा ४,७३१.३० कोटींचा. पाच वर्षांत ७५,००० जागा वाढविण्याचे जे उद्दिष्ट अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले होते, त्याच्याशी हा निर्णय सुसंगत आहे.

जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय आणणे ही कोणत्याही लोकप्रतिनिधीसाठी डोळ्यांत भरणारी कामगिरी असते. २०१३-१४ मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. २०२४-२५ पर्यंत त्यांची संख्या ७८० झाली. महाराष्ट्रातही विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते दहा सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांना त्यात स्थान मिळाले, ही बाब स्वागतार्हच होती.

खरी परीक्षा मात्र उद्घाटनानंतर सुरू होते. राज्याचे महाविद्यालय एकदा उभे राहिले, की अध्यापक, निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांचे वेतन वर्षानुवर्षे राज्याच्याच तिजोरीतून द्यावे लागते. घोषणेचे श्रेय दिल्लीला आणि कायमचा भार राज्याला, अशी ही विभागणी आहे. तिजोरीत खडखडाट असला की पदभरती रखडते आणि कंत्राटी नेमणुकांवर वेळ मारून नेली जाते.

अध्यापकांच्या टंचाईची जाणीव केंद्रालाही आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनुसार २२० हून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयांतील दहा वर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक, तर दोन वर्षांचा अनुभव असलेले सहायक प्राध्यापक होऊ शकतात. रुग्णसेवेतील अनुभव विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा, हा हेतू योग्य आहे. परंतु शरीररचनाशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्र शिकविणारा अध्यापक जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात सापडत नाही. शिवाय तोच तज्ज्ञ वर्गात गेला, तर बाह्यरुग्ण विभागातील रांग कोण सांभाळणार?

परिचारिकांच्या बाबतीत हात अधिकच आखडता राहिला. एप्रिल २०२३ मध्ये १५७ नर्सिंग महाविद्यालयांसाठी १,५७० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर अपेक्षित आहेत. म्हणजे वर्षाकाठच्या एका पदवीधरामागे दहा लाख रुपये. दोन्ही शिक्षणांचा खर्च सारखा नसतो, हे खरे. पण वॉर्ड परिचारिकेशिवाय चालत नाही, हेही तितकेच खरे.

नव्या योजनेतील पदव्युत्तर जागा हाच तिचा अधिक दूरदर्शी भाग आहे, कारण उद्याचे अध्यापक तेथूनच येणार आहेत. मात्र २०२८-२९ मध्ये एमबीबीएसला प्रवेश घेणारा विद्यार्थी आंतरवासिता संपवून बाहेर पडेपर्यंत २०३४ उजाडेल. तोवर रिकाम्या खुर्च्यांसमोर शिकलेल्या डॉक्टरांची पिढी तयार व्हायची नसेल, तर निधीचे हप्ते बांधकामाबरोबरच भरलेल्या अध्यापकपदांशीही जोडावे लागतील आणि सुरुवातीच्या वर्षांतील वेतनाचा काही भार केंद्राला उचलावा लागेल. अन्यथा जागांचा आकडा संसदेतील उत्तरात वाढत राहील आणि गडचिरोलीचा रुग्ण पूर्वीप्रमाणेच नागपूरची वाट धरील.