माहितीपुस्तिका कोणासाठीं लिहावी?

कृत्रिम बुद्धीचे जे नवे कारभारी हल्लीं निघाले आहेत, व ज्यांस एजंट म्हणण्याचा प्रघात पडला आहे, ते प्रश्नांचीं उत्तरें देऊन थांबत नाहींत. संगणकावरील आज्ञा स्वतः चालवितात. एखादें साधन कसें वापरावें हें ते पुष्कळदां त्याची माहितीपुस्तिका वाचून ठरवितात. तेव्हां ती पुस्तिका लिहिणाऱ्यानें कोणतें पथ्य पाळावें, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाहीं. आम्हीं तर तो यंदा स्वानुभवानेंच जाणला.

या अंकासाठीं आलेले लेख व क्रीडासंमेलनाचीं छायाचित्रें एका फोल्डरमध्यें होतीं आणि त्यांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर होती. जागा हवी म्हणून आम्हीं पहिला फोल्डर रिकामा केला, आणि तें विसरून दुसऱ्या दिवशीं एजंटास सांगितलें कीं, दोन्ही ठिकाणांचा मेळ घाल. त्यानें घातला. पहिल्या ठिकाणीं कांहीं नव्हतें, म्हणून दुसऱ्या ठिकाणींही कांहीं ठेवलें नाहीं! लेख विद्यार्थ्यांनीं आपापल्या वह्यांवरून पुनः उतरून दिले. छायाचित्रें मात्र गेलीं तीं गेलींच. चूक आमची होती, हें कबूल केलें पाहिजे. पण एखादा नवखा कारकूनही "साहेब, हा फोल्डर तर रिकामा दिसतो," एवढें म्हणाला असता.

या जातीच्या साधनांत आर्सिंक फार प्रसिद्ध आहे. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं तें १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांत रचिलें. त्याची युक्ति मनोरंजक आहे. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे तो तिचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची आंकड्यांत एक लहानशी खूण काढतो व त्या खुणा पलीकडे पाठवितो. नवी प्रत असलेला त्या खुणा आपल्या फाइलींत शोधीत जातो, आणि जें जुळत नाहीं तेवढेंच धाडतो. शंभर पानांच्या वहींत एक ओळ बदलली, तर सगळी वही पाठविण्याचें कारण पडत नाहीं.

परंतु याच साधनांत दोन बारीक गोष्टी आहेत. मूळ फोल्डरच्या नांवाच्या शेवटीं तिरकी रेघ दिली, तर फक्त आंतील वस्तु जातात. न दिली, तर फोल्डर आपल्या नांवासह जातो. आणि 'डिलीट' ही सूचना जोडली, तर मूळ ठिकाणीं नसलेल्या फाइली दुसऱ्या ठिकाणाहून पुसल्या जातात. पुस्तिका हें लपवीत नाहीं. 'डिलीट' धोक्याची आहे, आधीं 'ड्राय रन', म्हणजे कांहींही न बदलतां केवळ काय होईल तें दाखविणारी तालीम, करून पाहावी, असें ती बजावते.

मग उणें कोठें पडतें? एजंट सगळी पुस्तिका वाचतोच असें नाहीं; पुष्कळदां शोधून सांपडलेला तुकडाच वाचतो. आज्ञा एका तुकड्यांत आणि इशारा दुसऱ्यांत असला, कीं घात झाला. "वर सांगितल्याप्रमाणें" हे शब्द तेथें लंगडे पडतात, कारण वरचें त्यानें पाहिलेलेंच नसतें. म्हणून आमचें मत असें कीं, नाश करूं शकणाऱ्या प्रत्येक आज्ञेजवळच, त्याच परिच्छेदांत, काय नाहींसें होईल, तें परत मिळेल कीं नाहीं, आणि कोठें थांबून मालकास विचारावें, हें लिहिलेलें असावें. काम संपतांना आर्सिंक एक आंकडा देतें. २४ आला तर कांहीं मूळ फाइली पाठविण्यापूर्वींच नाहींशा झाल्या असें समजावयाचें. पण समजल्यावर करावें काय? तेंही शेजारींच हवें.

यंत्रांसाठीं निराळें लिहावें, असा एक पक्ष आहे. २०२४ सालीं जेरेमी हॉवर्ड यांनीं संकेतस्थळावर भाषा-प्रतिमानांसाठीं एक संक्षिप्त, साधी फाइल ठेवण्याची सूचना केली. ती मूळ मजकुराकडे वाट दाखविते तोंवर आमची हरकत नाहीं. त्यापुढें जाऊन माणसांसाठीं एक व एजंटांसाठीं दुसरी अशा दोन पूर्ण पुस्तिका लिहिण्यास मात्र आमचा विरोध आहे. एक सुधारली जाईल, दुसरी तशीच राहील. आणि दोन प्रतींचा मेळ घालणाऱ्या साधनाच्याच दोन पुस्तिका एकमेकींशीं जुळेनाशा होतील! शिवाय जो इशारा यंत्रास हवा, तो रात्रीं अकरा वाजतां मुलांचीं छायाचित्रें मोबाइलवरून संगणकावर घेणाऱ्या आईसही हवाच आहे.

पुस्तिका कितीही चांगली झाली, तरी ती कुलूप नव्हे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आमच्या कार्यालयांतील एजंटास आतां ती डिस्क वाचतां येते. पुसण्याचा अधिकार त्याजकडे नाहीं. तो तालमीची यादी काढतो व इयत्ता नववीचे दोन विद्यार्थी ती मोठ्यानें वाचतात. गेल्या गुरुवारच्या यादींत पुसावयाच्या ४१ फाइली होत्या. त्यांतील तीन त्यांनीं जाऊं दिल्या नाहींत.