घुसखोर मोकळा, घरधनी कोठडीत

फादर स्टॅन स्वामी यांचे नाव निघाले की आमच्या समाजातील काही सज्जन हळूच म्हणतात, ‘पाद्र्याने राजकारणात पडू नये, कायदा आपले काम करील.’ ह्या दोन्ही वाक्यांचा समाचार घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिले वाक्य घेऊ. ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी केले तरी काय? झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनी खाणींच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा ते आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. नक्षलवादी ठरवून तुरुंगात डांबलेल्या तरुणांच्या स्थितीचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांचे खटले लवकर चालावेत म्हणून उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. बंदिवानाची विचारपूस करणे हे दयेचे कृत्य, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. ते राजकारण कधीपासून झाले?

आता दुसरे वाक्य. कायद्याने केलेले काम असे : ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना रांचीत अटक केली. वय ८३ वर्षे आणि जोडीला कंपवात. हातात पेला ठरेना, म्हणून तळोजा कारागृहातून त्यांनी नळी व झाकणाचा पेला मागितला. त्यावर उत्तर देण्यास यंत्रणेने २० दिवस मागून घेतले. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात जामिनाचा निर्णय व्हायचा असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली.

ह्या प्रकरणातील आरोपांचा मोठा आधार म्हणजे आरोपींच्या संगणकांत सापडलेली पत्रे. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग ह्या संस्थेने बचाव पक्षासाठी त्या संगणकांच्या प्रती तपासल्या. रोना विल्सन यांच्याविषयीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तर फादर स्टॅन यांच्याविषयीचा डिसेंबर २०२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने! निष्कर्ष एकच : कोणीतरी दूरवरून संगणकात शिरून हे कागद तेथे ठेवले. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष अमान्य केले. ठीक आहे, खरेखोटे साक्षीपुराव्याने ठरू द्या. पण ते ठरणार केव्हा? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन व सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या कोठडीला सहा वर्षे उलटून गेली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

मेख आहे ती बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असे त्याचे कलम सांगते. आणि त्या टप्प्यावर पुराव्याची कसून छाननी होत नाही. म्हणजे कोणी चोरून कागद ठेवला असेल, तरी माणसाला वर्षानुवर्षे डांबून ठेवण्यास तो पुरेसा होतो. खटला हीच शिक्षा होते.

अमेरिकेतील जेरेमी हॅमंड ह्या तरुणाने निषेध म्हणून स्ट्रॅटफॉर ह्या खासगी गुप्तवार्ता कंपनीच्या संगणकांत शिरून तिचा पत्रव्यवहार उघड केला. २०१२ मध्ये तो पकडला गेला, गुन्हा कबूल केला आणि २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा आम्हांला जबर वाटते. परंतु घुसखोर कोण, हे तेथे निदान ठरले. आपल्याकडेही दुसऱ्याच्या संगणकात शिरणे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हाच आहे. मग ज्याच्या घरात शिरकाव झाल्याचे तज्ज्ञ सांगतात, तो घरधनी कोठडीत, आणि शिरणाऱ्याचा माग काढण्याची कोणाला निकड नाही, हा कोणता न्याय?

आमची मागणी दयेची नाही. संगणकातील पुराव्यावर शंका घेतली गेली, तर जामिनाच्या टप्प्यावरच न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून त्याची तपासणी व्हावी. संगणकात कोण शिरले, ह्याचा शोध न्यायालयाच्या देखरेखीखाली घेतला जावा. आणि आमच्या सज्जनांनी एवढेच ध्यानात घ्यावे : कायदा आपोआप आपले काम करीत नाही, नागरिकांना ते त्याच्याकडून करवून घ्यावे लागते. दरवर्षी ५ जुलैला मेणबत्त्या लावून हे कर्तव्य फिटत नाही.