सध्या काय वाचताय?

चातुर्मासात देवळात पोथी लागली की ती कोणती, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. यंदा ‘पांडवप्रताप’ आहे, मागच्या साली ‘भक्तिविजय’ होता, आज कितवा अध्याय निघाला, हे देवळात न गेलेल्यालाही ठाऊक असतं. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशी माणसंही दुसऱ्या दिवशी खुरपताना पुढच्या प्रसंगाबद्दल बोलतात. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ १७१२ सालचा, महिपतींचा ‘भक्तिविजय’ १७६२ चा. छापखाना नसताना हे ग्रंथ मराठवाड्याच्या गावागावांत पोचले, कारण त्यांचं वाचन चारचौघांत चालायचं आणि काय वाचलं जातंय ते साऱ्यांना कळायचं. त्याच गावात आज एखादी शिक्षिका कादंबरी वाचत असते, एखादा शेतकरी शेतीच्या इतिहासावरचं पुस्तक वाचत असतो, आणि दोन गल्ल्या पलीकडे कुणाला त्याचा पत्ता नसतो. माझं म्हणणं एवढंच, की हातात आत्ता कोणतं पुस्तक आहे हे वाचकांनी एकमेकांना सांगत राहायला हवं. लहान गावात पुस्तक पुढे सरकण्याचा याहून खात्रीचा रस्ता मला दिसत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीचंच बघा. येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण. इथल्या माणसाला अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक निवडून विकत घ्यायचं तर नर्सीमार्गे नांदेड गाठावं लागतं. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुधा वह्या, गाइड आणि प्रश्नसंचांचं दुकान. उरतं ते वाचनालय. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद राज्याने ग्रंथालयांचा कायदा १९५५ मध्ये केला, महाराष्ट्राचा आला १९६७ मध्ये. म्हणजे कोल्हापूर संस्थानाचा १९४५ चा कायदा बाजूला ठेवला तर या बाबतीत मराठवाडा बाकीच्या महाराष्ट्राच्या पुढे होता. आज राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या अनुदानाची, इमारतीची, सेवकांच्या तुटपुंज्या वेतनाची रड खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण ज्या कपाटांत पुस्तकं आहेत त्यांतलीही बरीचशी वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत, याचं कारण केवळ पैसा नव्हे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं एक प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं सांगतं. तो मिळवून द्यायचं काम आपण सगळं ग्रंथपालावर टाकलं. कपाटातल्या पुस्तकाच्या नुसत्या पाठीकडे बघून ते कुणी उचलत नाही. ओळखीचं माणूस म्हणतं, ‘हे चालू आहे माझं, शंभर पानं झाली, सोडवत नाही,’ तेव्हा हात पुढे जातो.

याचा मोठा दाखला नांदेडमध्येच आहे. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) प्रतिभा निकेतन शाळेत आणि नंतर पीपल्स कॉलेजात शिकवत. पुण्या-मुंबईपासून दूर राहूनही हा माणूस महाराष्ट्राच्या विचारविश्वाच्या मध्यभागी होता. त्यामागे त्यांची बुद्धी होतीच, पण वाचलेलं स्वतःपाशी न ठेवण्याची वृत्तीही तितकीच होती. व्याख्यानांतून, प्रस्तावनांतून, पत्रांतून ते वाचन सतत बाहेर येत राहिलं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून जे छापलं आहे ते मुळात कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं पत्र. एका वाचकाने आपल्या वाचनातून शिवाजीमहाराज कसे समजत गेले हे दुसऱ्याला सविस्तर कळवलं, आणि त्या पत्रामुळे कित्येक वाचक कादंबरीकडून इतिहासाकडे वळले. कुरुंदकर प्रत्येक गावात निपजणार नाहीत हे मान्य. पण आपलं वाचन दुसऱ्याला कळवण्यासाठी कुरुंदकरांएवढी विद्वत्ता लागत नाही.

दुसरा दाखला अलीकडचा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी एका वस्तीतल्या वाचकांच्या गटाकडे द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, अशी रचना. पेटी दुबईच्या मराठी घरांपर्यंत गेली. पुस्तकं फुकट मिळतात हे या योजनेचं आकर्षण आहेच, पण तिचा खरा जोर मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. शेजारपाजारच्या घरांत एकाच वेळी तीच शंभर पुस्तकं फिरत असतात, त्यामुळे ‘तुमच्याकडे कोणतं आहे आत्ता?’ हा प्रश्न आपोआप विचारला जातो. आणि तो प्रश्न जिथे विचारला जातो तिथे पुढचा वाचक आधीच रांगेत उभा असतो.

आता आक्षेपांकडे. पहिला असा, की हे मिरवणं आहे. मिरवणारे असतील, पण आत्ता चाललेल्या पुस्तकाबद्दल बोलताना मिरवायला वाव कमी असतो. ‘आयुष्य घडवणारी दहा पुस्तकं’ सांगताना माणूस नावं निवडून, पारखून घेतो. चालू पुस्तक सांगताना रहस्यकथा असेल तर रहस्यकथाच सांगावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुस्तक पुरं होण्याआधी त्यावर बोलणं उथळपणाचं. निकाल द्यायचा असेल तर हे खरं. पण इथे निकाल कुणी मागितलेला नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली, तेव्हा तिच्या नायिकेचं, यमूचं पुढे काय होणार हे न कळताच लोक ती वाचत होते, आणि शेवट माहीत नसलेल्या माणसांचं बोलणं अधिक मोकळं असतं. पोथीच्या श्रोत्यांनीही कधी समाप्तीपर्यंत तोंडं मिटून ठेवली नाहीत. पुस्तक अर्ध्यात सोडलं तर तेही सांगावं, का सोडलं ते सांगावं. नव्या वाचकाला तेवढ्याचा फार उपयोग होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, आणि तो लहान गावातलाच आहे. शहरात कोण काय वाचतो याची फिकीर कुणाला नसते. इथे मुखपृष्ठावरचं नाव पाहून माणसाची जात, पक्ष, बाजू ठरवली जाते. आंबेडकर वाचणारा असा, सावरकर वाचणारा तसा, कुराणाचं मराठी भाषांतर चाळणारा आणखी कसा. एखाद्या सुनेला किंवा कॉलेजातल्या मुलीला तर काय वाचतेस, याचा जाब घरातच द्यावा लागतो. म्हणून एक अट मी सोडणार नाही: सांगायचं की नाही हे फक्त वाचकाने ठरवावं. वाचनालयाच्या देवघेवीची नोंदवही ही ग्रंथपाल आणि सभासद यांच्यातली गोष्ट आहे. त्यातलं नाव तिसऱ्याला कळता कामा नये. मात्र हे शिक्के टिकतात ते वाचन लपलेलं असतं म्हणूनच. एकच माणूस या महिन्यात आंबेडकर, पुढच्या महिन्यात सावरकर आणि त्यानंतर एखादं प्रवासवर्णन वाचतो असं चारचौघांना दिसू लागलं, तर त्याला कोणत्या खणात टाकायचं हे ठरवणं अवघड होईल. ज्यांना सांगण्याची मोकळीक आहे त्यांनी आधी सांगावं. मास्तर, डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब यांचं काही बिघडत नाही.

आणि अभ्यासिका? लातूर-नांदेडकडे आता वाचणारी तरुण मुलं सर्वांत जास्त दिसतात ती तिथेच. नीट, पोलीस भरती, लोकसेवा आयोग. खुर्ची स्वतःची, दिवा स्वतःचा, पुस्तकही स्वतःचं. त्यांच्यापुढे कादंबरीचं नाव काढणं निर्दयपणाचं आहे, असं कुणी म्हणेल. नोकरीची निकड खोटी नाही, पण दिवसातले बारा तास वाचणाऱ्या मुलाच्या कानावर अभ्यासाबाहेरच्या एकाही पुस्तकाचं नाव पडू नये, ही त्याची सोय नव्हे. नाव कानावर पडलं तर ते परीक्षेनंतरही आठवतं.

व्हॉट्सॲपवर हे सगळं चालतंच, असंही म्हटलं जातं. तिथे मुखपृष्ठांचे फोटो पुष्कळ फिरतात; पाठवणाऱ्याने पान उघडलंय का, हे कळत नाही. त्यापेक्षा वाचनालयाच्या दाराशी एक फळा लावावा. पुस्तकाचं नाव, वाटल्यास वाचणाऱ्याचं नाव, कितव्या पानावर आहे, आणि त्याच्या मनातली एक ओळ. दर शनिवारी फळा पुसायचा आणि नव्याने लिहायचा. बिलोलीत तो नुसता मराठी राहणार नाही, आणि राहूही नये. या पट्ट्यात तेलुगू घरात बोलली जाते, उर्दू शाळेत शिकवली जाते. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू, फारसी, तेलुगू अशा अनेक भाषांतून वाचत आणि मराठीत लिहीत. त्यांच्यासारखा वाचक घडायला असाच बहुभाषी मुलूख लागतो. मराठी वाचकाला शेजारी तेलुगूत कोणती कादंबरी वाचतोय हे फळ्यावर कळलं, तर तिचं मराठी भाषांतर आहे का, हे तो ग्रंथपालाला विचारील. नसेल तर शेजाऱ्यालाच कथा विचारील.